नऊ वाजताचा तास

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेनऊला निरोप पडला. नवोदय आणि शिष्यवृत्तीच्या तयारीसाठी सोमवारपासून सकाळी ९ ते १० जादा तास. शिक्षकांनी स्वेच्छेने नाव कळवावे. जे कळवणार नाहीत त्यांनी कारण लेखी द्यावे. खाली एकेक अंगठा उमटत गेला. एक उमटला नाही, तो माझ्या चुलत बहिणीचा.

ती वसमतला राहते आणि तिथून रोज अपडाउन करून जिल्हा परिषदेच्या एका शाळेत पाचवीचा वर्ग सांभाळते. शाळेचं गाव मुद्दाम सांगत नाही. आमचे काका मात्र शिरड शहापूरचेच. औंढा-वसमत रस्त्यावरचं हे गाव, बाहेरचे लोक मल्लिनाथाच्या जैन मंदिरासाठी येतात, आसपासच्या खेड्यांतले दवाखाना आणि बाजारासाठी. काका परभणी जिल्हा परिषदेत मास्तर म्हणून लागले आणि हिंगोली जिल्हा परिषदेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. मधे १ मे १९९९ ला जिल्हाच बदलला, काका जागेवरच होते. शिक्षकांच्या बातम्या निवृत्त शिक्षकांना सगळ्यात आधी कळतात, तशी ही त्यांना दुसऱ्याच दिवशी कळली. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बहीण त्यांच्याकडे आली. मी आधीच ओसरीवर बसलेलो होतो. पुढचं बोलणं जमेल तेवढं जसंच्या तसं देतो. मधे तोंड घालायची सवय मात्र मला आहे.

काका : ऐकलं ते खरं का गं?

पुतणी : अंगठा दिला नाही ते? खरंय.

काका : अगं, एक तास. आणि कुणासाठी, तर लेकरांसाठी. आम्ही कंदिलावर अभ्यासिका घेतल्या. चौथीच्या स्कॉलरशिपची पोरं दोन-दोन महिने शाळेतच झोपायची, मी त्यांच्यातच सतरंजी टाकायचो. आम्हाला काय आदेश निघाला होता?

पुतणी : निघाला नव्हता म्हणून जमलं असेल, काका. तुम्ही आधी माझी सकाळ ऐका, मग काय बोलायचं ते बोला. पावणेपाचला उठते. दिवसाआड नळ येतो, तो पाचला. तीन डबे. सासूबाईंची साखर तपासून इन्सुलिन. हे सव्वासातला निघतात, नांदेडला कंपनीत साडेआठला मशीनवर बोट लावावं लागतं, महिन्यात तीनदा उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा पगार जातो. पोराची व्हॅन आठ वीसला. तो गेला की मी साडेआठची गाडी धरते, साडेनऊपर्यंत शाळेत. नऊला पोचायचं तर घर आठला सोडायला पाहिजे. मधली वीस मिनिटं दुसरीतलं पोरगं रस्त्यावर कुणापाशी उभं करू?

काका : सासूबाई आहेत की.

पुतणी : गुडघ्यानं त्यांना जिना उतरत नाही. आम्ही वरच्या मजल्यावर. व्हॅनवाला वर येत नाही.

काका : शेजारी?

पुतणी : चार दिवस बघतील. जूनपर्यंत कोण बघतं?

इथं माझ्या लक्षात एक गंमत आली, ती सांगतो. दोन वर्षांपूर्वी तिला नऊचा तास जमला असता. तेव्हा पोराची व्हॅन सातच्या आत यायची. मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरवलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत. निर्णय चांगलाच आहे, तिच्या पोराच्या डोळ्यांतली झोप कमी झाली. पण व्हॅन पुढे सरकली आणि त्याबरोबर त्याच्या आईचं बाहेर पडणंही. वसमतच्या एका पोराची झोप आणि पलीकडच्या खेड्यातल्या पाचवीच्या पोरांचं गणित यांचा संबंध असेल, हे मंत्रालयात कुणाच्या डोक्यात येणार?

काका : वीस मिनिटांसाठी कुणी सेवा सोडत नाही. मन असलं की वाट निघते.

पुतणी : मनाचं काय घेऊन बसलात? मी मुख्याध्यापकांना दुसरी वाट दिली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी शाळा सुटल्यावर पाऊण तास थांबते, रोज मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटं घेते. ते म्हणाले, सगळ्यांना एकच वेळ, नाहीतर केंद्रप्रमुखांना काय दाखवू?

काका : हे मात्र त्यांचं चुकलं.

एवढं मान्य करून काका थांबतील असं वाटलं, पण ते मुख्याध्यापक राहिलेले आहेत. पुढच्याच दमात त्यांनी मूळ दुखण्यावर बोट ठेवलं.

काका : पण तुम्ही गावात राहिलात तर हा प्रश्नच उरत नाही. मुख्यालयी राहा. घरभाडे भत्ता घेता, राहता तालुक्याला. लोक बोलतात ते उगीच नाही.

पुतणी : लोक बोलतात ते ठाऊक आहे. २०२२ मध्ये आमदार प्रशांत बंब यांनी हाच विषय उचलला होता, तेव्हा आम्हा सगळ्यांना लोक चोरासारखं बघायचे. त्याआधी २०१९ लाच ग्रामविकास विभागानं सांगितलं होतं की मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव आणा. मी गावात खोली करते, काका. केलीच म्हणा. मग मला सांगा, यांनी तिथून नांदेडला साडेआठला बोट कसं लावायचं? सासूबाईंची रात्री साखर उतरली तर कुठं न्यायचं? माझं मुख्यालय गावात, यांचं नांदेडात, पोराचं वसमतला, आणि सासूबाईंचं डॉक्टर असेल तिथं.

काका : बदली माग. पती-पत्नी एकत्रीकरण आहे की.

पुतणी : ते ज्यांचे जोडीदार सरकारी किंवा अनुदानित संस्थेत आहेत त्यांच्यासाठी. दोघांमधलं अंतर तीस किलोमीटरच्या वर असलं की संवर्ग दोनमध्ये अर्ज. माझा नवरा खासगी कंपनीत. त्या ऑनलाइन फॉर्ममध्ये त्याला रकानाच नाही.

काका : बालसंगोपन रजा तरी आहे. आमच्या काळी नव्हती. एकशे ऐंशी दिवस.

पुतणी : २०१८ पासून आहे. पण ती दिवसाची मिळते, वीस मिनिटांची मिळत नाही. आणि मी महिनाभर घेतली तर माझे बत्तीस लेकरं शेजारच्या वर्गात कोंबणार. त्या बाईला पण दोन पोरं आहेत.

काका गप्प बसले. मग त्यांनी जे काढलं ते ऐकून मीही गप्प झालो, कारण या सगळ्या वादातलं सगळ्यात अवघड बोलणं तेच होतं.

काका : ठीक आहे, तुझं घर मी समजून घेतो. आता तू त्याचं घर समजून घे. तुझ्या वर्गातल्या ज्या पोराचे मायबाप दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेलेत, तो आजीपाशी राहतो. जे गेले नाहीत त्यांच्याकडे फेब्रुवारीपासून हळद. काढणी झाली की कुकर लागतो, वाफेवर हळद शिजते, मग वाळवण, मग ढोलात घालून घोळणी. घरातलं प्रत्येक माणूस त्यात. पोरगीपण कंद मोडायला बसते, नखात पिवळं घेऊन शाळेत येते, आली तर. तुझ्या लेकराला तू आहेस, ट्यूशन आहे, व्हॅन आहे. त्या पोरीला शाळेबाहेर कुणी नाही. तिच्या वाट्याचा तो एक तास कापून तू तुझ्या लेकराला वीस मिनिटं दिलीस. द्यायलाच पाहिजे होतीस, आईच आहेस. पण हिशोब तर मान्य कर.

पुतणी : करते. मान्य करूनच अंगठा दिला नाही मी. नुसता अंगठा देऊन साडेनऊला पोचणारे पण आहेत.

काका : म्हणजे तू सुटलीस?

पुतणी : सुटले कुठं? मधल्या सुट्टीत सहा पोरं घेऊन बसतेच आहे, कुणी सांगितलं नाही तरी. एकाची आई बारामतीकडं तोडीवर आहे, तिला रविवारी फोन लावून पोराला बोलायला देते, माझ्या रिचार्जवर. हे कुठल्या अहवालात येत नाही. जे येतं ते मी सोडलं. गॅदरिंगची कमिटी सोडली. परिपाठाचे फोटो काढून ग्रुपवर टाकणं सोडलं. तालुक्याच्या स्पर्धांना पोरं घेऊन जाणं सोडलं. दुसऱ्याच्या रजेत वर्ग सांभाळायला पूर्वी मी पहिली असायचे, आता गप्प राहते. त्याचं वाईट वाटतं.

काका : शाळा म्हणजे नुसता तुझा वर्ग नाही.

पुतणी : नाहीच. पण दोन्हीतलं एकच उरणार असेल तर वर्ग ठेवते.

तिच्या या बोलण्यात एक क्रम आहे, आणि तो मला बँकेत, दवाखान्यात, एसटीच्या डेपोतही दिसलेला आहे. घरची ओढ वाढली की माणूस नोकरी सोडत नाही. मस्टरवर सही होते, पगारी काम होतं. गळतं ते पहिल्यांदा संस्थेसाठीचं बिनपगारी काम, समित्या, सजावटी, कुणाच्या जागी उभं राहणं. समोरच्या माणसासाठीचं बिनपगारी काम सगळ्यात शेवटी गळतं. म्हणून वरून बघणाऱ्याला अशी बाई ‘निरुत्साही’ दिसते आणि वर्गातल्या पोरांना तसं काहीच जाणवत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या पाहिजेत, हे संघटनांचा अभ्यास करणाऱ्यांनी १९९१ च्या सुमारासच मांडलं. आपल्याकडचा गोपनीय अहवाल अजून त्या वाटेला गेलेला नाही.

अभ्यासाचं निघालंच आहे तर तेही सांगून टाकतो, कारण मी ते ओसरीवरही सांगितलं आणि दोघांकडून बोलणी खाल्ली. कामाचा आणि घराचा ताण एकमेकांवर कसा आदळतो, याची पहिली नीट मांडणी ग्रीनहाउस आणि ब्यूटेल या दोघा अमेरिकी अभ्यासकांनी १९८५ मध्ये केली. एका जागचा वेळ दुसरीकडे देता येत नाही. एका जागचा शीण दुसरीकडे सोबत येतो. आणि एका जागी शोभणारं वागणं दुसरीकडे चालत नाही. पुढे २००५ मध्ये अमेरिकेतल्याच शिक्षकांचा एक अभ्यास झाला. ज्यांचा हा ताण जास्त, ते नेमून दिलेल्यापलीकडचं काम कमी करतात, आणि शाळेचं वातावरण घरच्या अडचणी समजून घेणारं असेल तर जास्त करतात, असं त्यातून दिसलं.

काका : हे सांगायला अमेरिका कशाला लागते? कोणतीही सून सांगेल.

मी : काका, पुढचं ऐका. त्याच वर्षी आणखी दोघांनी, बोलिनो आणि टर्नली यांनी, उलट बाजू दाखवली. जो माणूस आपणहून जादा काम अंगावर घेतो, त्याच्याच घरात हा ताण वाढतो. आणि बायकांच्या बाबतीत जास्त वाढतो.

पुतणी : म्हणजे आधी जादा काम, त्यामुळे घरी भांडण, भांडणामुळे जादा काम बंद, मग शाळेत बोलणी. हेच माझं वर्षभर चाललंय, दादा. यात नवीन काय?

नवीन एवढंच की आपण बहुतेकदा एकच बाण बघतो. अंगठा न देणारी बाई बघतो, तिने गेल्या वर्षी दिलेले अंगठे मोजत नाही. गॅदरिंगला रात्री दहापर्यंत थांबलेली, शाळेच्या भिंती स्वतः रंगवलेली बाई ही तीच असते, हे विसरलं जातं.

पुतणी : आणि काका, ‘जादा’ म्हणजे नुसतं जादा शिकवणं राहिलंय का? बीएलओ म्हणून मतदार याद्या. सर्वेक्षणं. पोषण आहाराची रोजची आकडेवारी. यूडायस. ‘आजच्या आज माहिती द्या’ म्हणून रात्री नऊला फोन. शिक्षण हक्क कायद्याचं २७ वं कलम म्हणतं, जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला लावायचं नाही. तेच कलम शाळेत लावलेलं आहे, फ्रेम करून.

काका : आम्हालाही जनगणना होती. एक्क्याण्णवची मी केली, पायी. निवडणुकीला पेटी घेऊन बैलगाडीत गेलोय.

पुतणी : रात्री नऊला जनगणना घरात यायची का तुमच्या?

काका : ...नाही. शाळा सुटली की सुटली. पोष्टाने पत्र यायचं, आठ दिवसांनी उत्तर जायचं.

पुतणी : मग ते आठ दिवस तुमच्या अभ्यासिकेला मिळाले. माझे रात्रीचे दोन तास त्या ‘आजच्या आज’ला जातात. माझ्यातही अभ्यासिका असेल कदाचित, काका. पण ती काढून घेतल्यावर तुम्ही मला विचारता, कुठं गेली.

काकांच्या ओसरीवर साने गुरुजींचा फोटो आहे. बोलताना बहिणीची नजर तिकडे गेली आणि ती जे बोलली त्याने काका दुखावले.

पुतणी : आपण शिक्षक म्हटलं की यांच्याशी तुलना करतो. हे अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० शिक्षक होते ना? वसतिगृहात पोरांबरोबर राहायचे. लग्न केलं नाही. त्यांना संध्याकाळी घरी जायचंच नव्हतं.

काका : त्यांच्यावर बोलू नको.

पुतणी : त्यांच्यावर नाही बोलत. त्यांना माप करून माझ्या अंगावर शिवणाऱ्यांवर बोलते.

आतून काकू चहा घेऊन आल्या. त्या आतूनच सगळं ऐकत होत्या. अशा लेखात या जागी काकू येतात आणि ‘यांच्या अभ्यासिकेच्या भाकरी मी थापल्या’ म्हणून काकांना निरुत्तर करतात, ही वाचकाची अपेक्षा मला कळते. माझीही तीच होती. काकूंनी ती निम्मीच पुरी केली.

काकू : भाकरी मीच थापल्या. पायलीभर ज्वारी दोन दिवस पुरत नव्हती. आदर्श शिक्षकाची शाल ह्यांच्या अंगावर पडली, पेटीत घडी करून ठेवायची मी. आमची थोरली तापानं फणफणत होती तेव्हा हे स्कॉलरशिपचं सेंटर गाठायला परभणीला. ते मी विसरले नाही.

पुतणी : बघा.

काकू : तू पण ऐक. लेकरं आपल्या घरात यायची, जेवायची, माझी थोरली त्यांच्यात बसून पाढे शिकली. मला ती सगळी नावानिशी ठाऊक होती. आजसुद्धा बाजारात कुणी मिश्यावाला पाया पडतो, तो ह्यांच्या नाही, माझ्या पाया पडतो आधी. तुझ्या सासूनं तुझ्या वर्गातलं एक तरी लेकरू बघितलंय का? तुझ्या नवऱ्यानं? मग त्यांना ती लेकरं म्हणजे नुसता तुझा उशीर वाटणारच.

यावर बहिणीकडे उत्तर नव्हतं, आणि काकांनाही काकूंनी आपली बाजू घेतली की उणीदुणी काढली ते नीट ठरवता येईना. मला वाटतं, मुख्यालयी राहण्याच्या नियमामागे कधीकाळी हीच गोष्ट असावी. शाळा आणि घर एका गल्लीत असले की शाळेचं काम घराला परकं वाटत नाही. ताण असतो, पण त्याला चेहरे असतात. नियम टिकला, गल्ली गेली. आता एका घरातली दोन माणसं दोन जिल्ह्यांत कमावतात, आणि गावात सक्तीने खोली घ्यायला लावून ती गल्ली परत येत नाही.

काकूंच्या त्या ताप आलेल्या थोरलीबद्दल मात्र ओसरीवर पुढे कुणी बोललं नाही. काकांनी चहा बशीत ओतला.

काका : मग तुझ्या नवऱ्यानं आठवड्यातले दोन दिवस पोराला व्हॅनपर्यंत सोडावं. तो काय पाहुणा आहे का?

पुतणी : त्यांची इच्छा आहे. खरंच आहे. पण ते कंत्राटावर. अकरा महिन्यांनी नवीन कागद. मला निदान कुणी काढत नाही.

या एका वाक्याने मला अख्खा वाद पुन्हा मांडावासा वाटतो. घरात वीस मिनिटं कमी पडतात. ती कुठून तरी घ्यायची असतात. नवऱ्याच्या कंपनीकडून घेता येत नाहीत, तिथं मशीन आहे, पगार कापतो, कंत्राट जातं. व्हॅनवाल्याकडून नाही. शिल्लक राहते जिल्हा परिषद, कारण तिथली नोकरी पक्की आणि तिथल्या जादा कामाला मशीन नाही. म्हणून घर आपली तूट तिथं भरून काढतं. नांदेडच्या एका कंपनीची शिस्त इकडच्या खेड्यातल्या पाचवीच्या पोरांच्या तासातून वसूल होते, आणि त्या कंपनीला हे कुणी कधी कळवणारही नाही. ज्या नोकरीत माणसाला थोडं सैल सोडलेलं असतं, तिथलंच जादा काम आधी जातं. ज्या नोकरीने गळा धरलेला असतो, तिला झळ लागत नाही. बायकांच्या बाबतीत हे आणखी पक्कं, कारण घरकामाचं पारडं मुळातच त्यांच्याकडे झुकलेलं. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, करणाऱ्या पुरुषांची ९७.

तेव्हा मुख्याध्यापकांनी लेखी कारण मागायचंच असेल तर ते त्या कंपनीकडे मागावं, असं मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

काका : तुझं सगळं खरं धरलं. पण आमच्या काळी आम्ही हिशोबच करत नव्हतो.

पुतणी : तुम्हाला पेन्शन होती, काका. मी तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून सहा हजारांवर काढली. २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ च्या संपात मी होते. तुमचा हिशोब सरकारनं करून ठेवला होता, म्हणून तुम्हाला करायला लागला नाही.

काका : पेन्शनसाठी अभ्यासिका घेतली नाही मी.

पुतणी : नाही घेतली. पण उद्याची काळजी नसलेला माणूस आजची संध्याकाळ देऊ शकतो.

या ठिकाणी काका रागावतील असं वाटलं होतं. ते उठले, आत गेले आणि एक जुनं, पुठ्ठा निघालेलं पुस्तक घेऊन आले. नवोदयच्या तयारीचं.

काका : सोमवारपासून नऊचा तास मी घेतो. मला कुठं व्हॅन धरायची आहे? मोटरसायकल आहे.

पुतणी : नको.

काका : का?

पुतणी : तुम्ही फुकट घेतलात की पुढच्या महिन्यात दुसऱ्या शाळेला निरोप जाईल, अमुक ठिकाणी निवृत्त गुरुजी येतात, तुम्हीही शोधा. २०२३ च्या जुलैत सरकारनं रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षक वीस हजारांवर घ्यायचं ठरवलं, आठवतं? डी.एड. झालेली पोरं घरी बसलेली. तुम्ही तर वीस हजारपण घेणार नाही.

काका : मग लेकरांनी काय करायचं? भरती व्हायची वाट बघत पाचवीतच बसायचं?

हे उत्तर तिला देता आलं नाही, मलाही आलं नसतं. जिथं जादा काम करणारा माणूस व्यवस्थेची उणीव झाकतो, तिथं तो समोरच्या पोराला तारतो आणि पुढच्या दहा वर्षांच्या पोरांची जागा कदाचित रिकामी ठेवतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. ‘नियमानुसार काम’ हे आपल्याकडे आंदोलनाचं नाव आहे. कर्मचारी फक्त नियमात लिहिलेलं तेवढंच करू लागले की कारभार अडतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही नियमाबाहेरच्या त्या कामाची तरतूद कुठल्याच अंदाजपत्रकात नसते. ती घराघरांतून होते, काकूंच्या पायलीभर ज्वारीसारखी.

शेवटी बोलणी फिसकटली नाहीत, तडजोडीवर आली. तीही सरळ आली नाही.

पुतणी : यायचं तर या. पण ग्रुपवर फोटो टाकायचा नाही. हारतुरे नाहीत. आणि मुख्याध्यापकांनी मला मंगळवार-शुक्रवार संध्याकाळ लेखी द्यायची. तुम्ही त्यांच्याशी बोला, तुमचं ऐकतील ते.

काका : फोटो नको तर नको. बोलतो मी. पेपर कसा असतो आता?

पुतणी : ऐंशी प्रश्न, शंभर गुण, दोन तास. चाळीस प्रश्न मानसिक क्षमतेचे, वीस अंकगणिताचे, वीस भाषेचे.

काका : अंकगणित मी घेतो.

पुतणी : अंकगणित मीच घेणार. तुम्ही अजून पावकी-निमकी पाठ करून घ्याल. तुम्ही आकृत्यांचे प्रश्न घ्या.

काका : त्या आकृत्यांत काय शिकवायचं असतं? डोळे आहेत की पोरांना. आणि पावकी-निमकीला काय झालं? माझी चार पोरं वसमतच्या नवोदयला लागली ती पावकी-निमकीवरच लागली.

पुतणी : पेपर तेव्हाचा वेगळा होता, काका.

काका : अपूर्णांक वेगळे होते का?

काकू कप उचलून आत निघाल्या होत्या. दारातूनच त्यांनी विचारलं, हे दोघं आकृत्या आणि अपूर्णांक वाटून घेणार, तर भाषेचे वीस प्रश्न कोण घेणार आहे?